नानांचं नाक

"शाल दे इकडं," नाना म्हणाले.

मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. एमआयडीसीतून गाडीवर आलेली, थंडीने कान बधिर झालेले, हातात रिकामा डबा. तरी निमूट शाल काढून दिली. सासऱ्यांनी ती दोन्ही हातांनी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. एवढं झालं की मला गप्प बसवत नसे.

"नाना, आज काय आच लागली म्हणून सांगू. सगळीकडून सारखी. एक वांगं कच्चं नाही की एक करपलेलं नाही. साल तर अशी निघते, हात लावायचा अवकाश. गर पांढराशुभ्र. यांनी पंख्याला नवीन बटण बसवलंय, त्यामुळे..."

"गॅसवर भाजले का वांगे?" नानांनी डोळे उघडून विचारलं.

"गॅसवर कशाला? मशिनीतच भाजली."

"मंग उकडले," म्हणत त्यांनी शालीची घडी केली, माझ्या हातात दिली आणि पेपर उघडला.

आणि ते खरं होतं, हेच तर माझं दुखणं. भरीत खरोखर उकडल्यासारखं लागत होतं. आम्ही नवरा-बायकोने वर्कशॉपमध्ये उभ्या उभ्या ते खाऊन एकमेकांकडे पाहिलं होतं आणि उरलेलं वॉचमनच्या कुत्र्याला घातलं होतं. कुत्र्यानेही वास घेऊन तोंड फिरवलं होतं. हे घरात बसलेल्या म्हाताऱ्याला नुसत्या शालीवरून कसं कळतं, ते मला समजत नव्हतं.

सांगते सगळं नीट. मी बोलायला लागले की गाडी कुठल्याही रुळावर जाते, असं माझे वडील म्हणायचे. ते रेल्वेतले, त्यांना तसंच सुचणार.

मी चारुशीला, माहेरची भुसावळची, सासर जळगाव. माझे सासरे सुपडूनाना भारंबे. पिंप्राळ्याच्या रस्त्याला त्यांचं भरीत सेंटर होतं. पुढे छोटं दुकान, मागे मोकळी जागा, त्या जागेत कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग. काड्या पेटवायच्या, त्यावर हातभर लांबीची हिरवी वांगी टाकायची, उलटीपालटी करत भाजायची, साल काढायची आणि लाकडाच्या बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. हिवाळ्यात आमच्याकडे रांग लागायची. लोक डबे घेऊन यायचे, किलोने न्यायचे, आणि भरताबरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. आमच्या भरताची सगळी मजा त्या काड्यांच्या धुरात. तो धूर वांग्यात शिरला नाही, तर ते भरीत म्हणजे नुसती वांग्याची भाजी.

मग मागे बिल्डिंग झाली. तिथले सेक्रेटरी वाणीसाहेब, भला माणूस, दर रविवारी स्वतः रांगेत उभे राहायचे. एका हिवाळ्याच्या अखेरीला ते आले ते डबा न घेता.

"नाना, बोलायला जीभ वळत नाही," ते म्हणाले. "आमच्या माईला दमा आहे. तुमची भट्टी पेटली की तिला ढास लागते. खिडक्या लावल्या तरी धूर शिरतो. आता बाकीचेही बोलायला लागलेत."

दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतःच्या हाताने भट्टीवर पाणी ओतलं. "म्हातारीचा जीव घोटून लोकांले भरीत खाऊ घालायचं नही," एवढंच म्हणाले. हंगाम तसाही संपत आला होता. पण पुढच्या हिवाळ्याचं काय, हा प्रश्न घरात येऊन बसला.

गॅसवर भाजायचं नाव काढायची सोय नव्हती. नानांचा एक भाचा मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकायला जागा शोधत होता. त्याच्या फेऱ्या वाढल्या. येताना पेढे आणायचा आणि जाताना नजरेने भिंती मोजायचा. मला तो पेढा घशाखाली उतरायचा नाही.

कारण मला ते दुकान हवं होतं. नुसतं चालू राहावं असं नाही, मला हवं होतं. रेल्वे क्वार्टरात वाढलेली मी. वडिलांची बदली झाली की सामान बांधा, नवीन गाव, नवीन शेजार. एका जागी पाय रोवून उभं राहायचं आणि माणसांनी आपल्याकडे यायचं, हे सुख मला लग्नानंतर त्या दुकानात कळलं. बडगीपाशी बसले की मला कुठे जायचं नसायचं. पण सुनेने सासऱ्याला "दुकान मला द्या" कसं म्हणायचं? म्हटलं नाही.

माझे यजमान हेमराज यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. गेट, ग्रिल, जिने. त्यांनी मोबाईलवर कुठेतरी अमेरिकेतली माणसं अंगणात मांस भाजतात ते मशिन पाहिलं आणि झपाटल्यासारखे कामाला लागले. त्याला म्हणे पेलेट स्मोकर म्हणतात. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या. एका पेटीत त्या भरायच्या, पेटीतून लोखंडी स्क्रू फिरत फिरत त्यांना विस्तवाच्या कुंडीत ढकलतो, खालून पंखा वारा घालतो आणि वर बंद डब्यात पदार्थ भाजतो. किती गरम ठेवायचं ते बटणावर. यांनी तसंच मशिन पावसाळाभर राबून बनवलं, चांगलं कपाटाएवढं. चिमणी लावली. पेटवलं, तर चिमणीतून धूर दिसेना.

"बघ," हे छाती फुगवून म्हणाले. "धूर म्हणजे काय? न जळलेलं लाकूड. माझ्या मशिनीत सगळं जळतं."

वाणीसाहेब येऊन चिमणीला नमस्कार करून गेले. आणि आम्ही पहिलं वांगं खाल्लं तेव्हा आमच्या लक्षात आलं की धूर बाहेर जात नाही, कारण आत तो तयारच होत नाही.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपला निकाल सांगितला. "चंपाषष्ठीले खंडोबाचा निवद तुमच्या डब्यातल्या भरताचा. मी पयला घास तेव्हा खाईन. चव आली तर पुढं चालवा. नही आली तर पाटी उतरवजा. खोट्या चवीले माझं नाव नको."

आता यात मेख अशी होती की नाना आषाढी एकादशीपासून वांगं खात नसत. चातुर्मास आणि वर थेट चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांग्याला हात लावायचा, हा नानांचा नेम. तोवर दुकानात शेवभाजी आणि खिचडी. घरातसुद्धा वांगं शिजवायचं नाही. म्हणून आमचे सगळे प्रयोग वर्कशॉपमध्ये, आणि ज्याची पसंती हवी त्याची जीभ देवाकडे गहाण. राहता राहिलं नाक. म्हणून रोज संध्याकाळी माझ्या शालीची तपासणी.

नानांच्या परीक्षेची मला सवय होती म्हणा. गेल्या दोन हिवाळ्यांपासून त्यांनी नवंच सुरू केलं होतं. भरताचा प्रत्येक घाणा झाला की हाक यायची, "चारू, चव बघ वं." मी चाखायची. "काय कमी हाये?" मी म्हणायची, मिरची अंगावर येते, किंवा लसूण कच्चा राहिला, किंवा आजची वांगी पाणचट आहेत. "मले बी तेच वाटलं," नाना म्हणायचे आणि मी सांगेन तसं करायचे. मला आतून राग यायचा. स्वतःला माहीत असून सुनेला विचारायचं, म्हणजे शाळेतल्या गुरुजींसारखं झालं. लग्नाला इतकी वर्षं होऊन माझी परीक्षा काही संपत नव्हती.

आणि हेच नाना घरात कसे? शेजारी शेगडीवर दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास सुटला, मी मागच्या अंगणातून धावत आले, तर नाना तिथेच पेपर वाचत बसलेले. म्हटलं, पुरुषमाणसांना भरताचा वास येतो, दुधाचा येत नाही.

तर आमचे प्रयोग. आधी आम्ही पेलेट बदलले. लाकडाच्या भुशाचे होते ते टाकून बॉयलरवाल्यांकडून कपाशीच्या काड्यांचे आणले. थोडा फरक पडला, म्हणजे वांग्याने लांबून काडी पाहिली असावी एवढा.

मग मी डोकं चालवलं. चुलीपाशी बसलेल्या कुठल्याही बाईला माहीत असतं की ओलं सरपण जास्त धुरावतं. हे चहाला गेले होते तेवढ्यात मी पेलेटच्या पेटीत तांब्याभर पाणी शिंपडलं. चांगलं हाताने कालवलं. हे परत येईपर्यंत गोळ्या फुगून त्यांचा लगदा झाला होता, तो स्क्रूमध्ये जाऊन बसला आणि मशिन घर्र करून बंद पडलं.

"यात पाणी कोणी घातलं?" यांनी विचारलं.

"धूर व्हायला पाहिजे ना."

"अगं, भुसा आहे तो दाबलेला. पाणी लागलं की खीर होते त्याची."

"मग तसं आधी सांगायचं होतं. मला काय माहीत तुमच्या मशिनीला पाणी वर्ज्य आहे."

हे कधी चिडत नाहीत. त्या दिवशी पान्हा घेऊन मशिनीखाली झोपले आणि अख्खी दुपार माझ्याशी बोलले नाहीत. मधूनच मशिनीखालून "तांब्याभर" एवढाच शब्द ऐकू यायचा. संध्याकाळी मी घरी आले आणि नानांनी शाल हातात घेताच मी नव्या पेलेटची इतकी स्तुती केली की माझी मलाच लाज वाटली.

"हं," नाना म्हणाले. "आज तर भाजलेच नही वाटते."

त्यानंतर आम्ही पंखा अगदी हळू केला. आच कमी, धूर जास्त, असं यांचं म्हणणं. धूर झाला खरा. पण वांगी तासन् तास आत बसून सुरकुतली, म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखी झाली, आणि आत कच्चीच. पंखा वाढवला की वांगं शिजतं, धूर जातो. कमी केला की धूर येतो, वांगं वाळतं. मार्गशीर्ष लागला तरी आमची गाडी तिथेच. भाचा येऊन गेला. या वेळी त्याने पेढ्यांबरोबर टेपही आणली होती आणि भिंती खरोखरच मोजल्या. त्या रात्री मी चादरीत तोंड खुपसून रडले, आणि यांना म्हटलं, सर्दी झालीय.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला आमच्याकडे खंडोबाचं नवरात्र बसतं. रोज सकाळ-संध्याकाळ देवापुढे धूप. रडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुपाटण्यात निखारा ठेवला, वर धूप घातला, फुंकर मारली. जास्त फुंकलं गेलं तर भडका झाला आणि धूर गायब. मी हाताने जाळ विझवला, तशी धुराची दोरी सरळ वर निघाली. घरभर वास. मी तिथेच गुडघ्यावर बसून राहिले. आरतीला उशीर होतोय म्हणून नाना खाकरले, तरी मी धुपाटण्याकडेच बघत होते.

वर्कशॉपवर जाऊन यांना म्हटलं, "मशिनीला जाळ करू द्या. तिचं काम ते. धुराचं काम वेगळ्याला द्या."

"म्हणजे?"

"आत एक धुपाटणं ठेवा. वाऱ्यापासून लांब. नुसतं धुमसत राहील असं."

यांनी लोखंडी पाईपाचा वीतभर तुकडा कापला, एक तोंड बंद केलं आणि अंगभर ड्रिलने भोकं पाडली. मी त्यात कपाशीच्या काड्यांचे बारीक तुकडे आणि थोडे पेलेट भरले. उघड्या तोंडाला गॅसच्या बत्तीने पेटवलं, चांगलं धरू दिलं आणि मग फुंकून जाळ घालवला. नळी धुमसायला लागली. ती आडवी वांग्यांच्या बाजूला ठेवली आणि दार लावलं.

पहिल्या वेळी वांगं कडू झालं. जाळ नीट धरण्याआधीच मी नळी आत सारली होती, त्यामुळे धूर दाट, पांढरा, घसा धरणारा. दुसऱ्या वेळी सबुरीने घेतलं. धूर बारीक, निळसर आला. चव आली, पण वरवरची, सालीबरोबर निघून जाणारी.

"तू वांगी घरून पुसून, तेल लावून आणतेस," हे म्हणाले. "नाना काय करायचे?"

नाना काय करायचे ते मी आठवलं. शेतकरी पहाटे वांगी तोडून आणायचा, पोत्यात दव असायचं. नाना ती तशीच, गारढोण, ओलसर, चाकूने दोन चिरा देऊन विस्तवावर टाकायचे. तेलबिल नाही. थंड पाण्याच्या ग्लासवर वाफ धरते तसा ओल्या, गार सालीवर धूर धरत असणार. मग मी वांगी रात्रभर वर्कशॉपच्या पत्र्यावर उघडी ठेवली. सकाळी हात लावला तर बर्फ. चिरा दिल्या, आधी कमी पंख्यावर धुमसत्या नळीबरोबर ठेवली, धूर प्यायला वेळ दिला, आणि मग पंखा पूर्ण सोडून खरपूस भाजली.

साल काढली तेव्हाच कळलं. यांच्या वर्कशॉपमध्ये बडगी नव्हती, लोखंडी घमेल्यात हातोड्याच्या दांड्याने ठेचलं. मिरची, लसूण, मीठ. उभ्यानेच बोटं बुडवली. हे माझ्याकडे बघत होते, मी यांच्याकडे. बोललो काहीच नाही. मी, आणि बोलले नाही. घमेलं पुसून खाल्लं. कुत्रं दारात येऊन शेपटी हलवत होतं, त्याला काही मिळालं नाही.

घरी आले ती सरळ स्वयंपाकघरात. शाल खुंटीला. डबे उघडून बघत होते तर नाना दारात.

"काय शोधते?"

"कळण्याची भाकरी उरलीय का सकाळची? भूक लागलीय."

नाना माझ्याकडे बघत उभे राहिले. मी शाल काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हातात घेतली नाही. "राहू दे," म्हणाले आणि बाहेर जाऊन पेपर वाचत बसले. माझा जीव खट्टू झाला. जमलं त्याच दिवशी नानांना वास घ्यायचा नव्हता.

चंपाषष्ठीला सकाळपासून दुकानापुढे माणसं जमली. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं, हातात डबे. वाणीसाहेब माईंना घेऊन आले होते, खुर्ची मांडून बसवलं होतं. भाचाही आला होता, पेढे घेऊन. मशिन मागच्या जागेत उभं केलं होतं, त्याला झेंडूची माळ. वांगी यांनी भरली. एरवी आम्ही चार-सहा वांगी भाजायचो, त्या दिवशी डबा गच्च. नळी मी पेटवली. चिमणीतून धुराचा बारीक दोरा निघाला, माईंनी तो बघितला आणि सुपारी कातरत राहिल्या. खोकला नाही. ते पाहून मला निम्मं जिंकल्यासारखं झालं.

भरीत झालं. नैवेद्याचं चाखायचं नसतं, म्हणून मीठ अंदाजाने. भरीत, बाजरीचे रोडगे, पातीचा कांदा असं ताट दुकानातल्या खंडोबाच्या तसबिरीपुढे ठेवलं, तळी भरली. मग नाना पाटावर बसले. नानांनी रोडग्याचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, तोंडात टाकलं. सावकाश चावलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मी हाताची बोटं मुडपून उभी होते.

"चारू," ते म्हणाले. "तू खाल्लं?"

"नाही. नैवेद्याच्या आधी कसं खाणार?"

"मंग आता खाय. आणि सांग."

"मी काय सांगू? तुम्ही सांगा."

"तुले विचारलं मी."

मी चिमूटभर घेतलं. जिभेवर ठेवलं. वांगं गोड होतं, मीठ बरोबर, लसूण खमंग, पण धूर नव्हता. म्हणजे होता, पण हात आखडता घेऊन वाढल्यासारखा. एवढ्या मोठ्या डब्यात, एवढ्या वांग्यांना एक नळी पुरी पडली नव्हती. चारचौघांच्या तोंडाला ते चांगलंच लागलं असतं. वाणीसाहेबांनी बोटं चाटली असती. मी "छान" म्हटलं असतं, नानांनी मान हलवली असती, भाच्याने पेढे परत नेले असते. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, खोटं कशाला सांगू? यजमान तिकडून मला डोळ्यांनी विनवत होते.

"धूर कमी आहे, नाना," मी म्हणाले.

यांनी कपाळावर हात मारला. मागे कोणीतरी चुकचुकलं.

"किती कमी?"

"निम्मा. एक नळी पुरत नाही एवढ्यांना. दोन लागतील. आणि मधल्या फळीवरची वांगी इतकी दाटून ठेवायला नको होती. त्यांना धूर पोचलाच नाही."

नानांनी तोंडातला घास गिळला, पाणी प्यायले आणि बाहेर तोंड करून म्हणाले, "हा घाणा घरच्यांचा. ज्याले घाई असंन त्यानं जावं. खरं भरीत तासाभरात भेटंन." मग यांना म्हणाले, "दुसरी नळी कर रे, हेमराज. तुझी बायको काय म्हणते आयकलं ना?"

एक माणूस गेला नाही. हे गाडी घेऊन वर्कशॉपकडे पळाले आणि दोन नव्या नळ्या करून आणल्या, एक जास्तीची. तिथल्या पत्र्यावर गार वांगी उरली होती, तीही आणली. दुसरा घाणा निघाला तेव्हा साल काढतानाच वास रस्त्यापर्यंत गेला. माणसं आपोआप पुढे सरकली. मी चाखलं आणि नानांकडे बघून मान हलवली. त्यांनी डाव हातात घेतला. माईंनी दोनदा मागून खाल्लं. भाच्याचे पेढे गिऱ्हाइकांतच वाटले गेले. शेवटी तोही डबा भरून घेऊन गेला, टेप तिथेच विसरून.

दुपार कलली, दुकान रिकामं झालं. मी बडगी धुवत होते. नाना बाकावर येऊन बसले, हातात ताटली. तिच्यात दुसऱ्या घाण्यातलं थोडं भरीत आणि कळण्याची भाकरी. खात नव्हते, नुसतं बघत होते.

"उद्यापासून किल्ली तुझ्याकडं," ते म्हणाले.

मी बडगी ठेवून दिली. "पण पहिला घाणा तर फसला."

"फसला का जमला, मले काय कयते? मले दोन हिवाळे झाले, वास येत नही वं. तापाची सर्दी झाली होती ना मोठी? सर्दी गेली, नाक आलं नही. खारट-तिखट कयते. बाकी सगळा पेंढा."

माझ्या हातातून पाणी गळत होतं. दोन हिवाळे. चव बघ वं. काय कमी हाये. मले बी तेच वाटलं. करपलेलं दूध. सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मला माझीच थोडी कीव आली. मी परीक्षा समजत होते आणि हा माणूस माझ्या जिभेवर दुकान चालवत होता.

"कोणालाच नाही सांगितलं?"

"भरीतवाल्याले वास येत नही, हे कोणाले सांगू? आज तू खोटंच 'छान' म्हटलं असतं ना, तर तुझ्या तोंडावरून मी ओयखलं असतं आणि पाटी उतरवली असती. मले नही कयत आणि तू सांगणार नही, मंग लोकांले खाऊ घालायचं ते काय?"

"मग रोज माझी शाल कशाला हुंगायचात?"

नाना हसले. किती दिवसांनी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं मी. "शाल नाकाले लावली की तू बोलायले लागते. मशिनीची लई तारीफ केली, म्हणजे भरीत बिघडलं. त्या दिवशी आली तर मशिनीचं नाव नही घेतलं. कयण्याची भाकरी मागितली. पोट भरून आलेलं माणूस परत भाकरी कायले मागंन? तोंडात चव राह्यली म्हणून. मंग शाल घेऊन काय करू मी?"

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मी पदराने दोन्ही आवरलं आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"आता सांग," त्यांनी ताटली मांडीवर घेतली. "हा दुसरा घाणा. कसा झाला? नीट सांग."

बोलायला मला कोणी सांगावं लागत नाही. मी सांगायला लागले. जिभेवर ठेवल्याबरोबर आधी वांग्याचा गोडवा लागतो, गार वाऱ्यातून ऊन अंगावर यावं तसा. मग मिरची येते, पण भांडत नाही. लसूण तिच्या मागोमाग. आणि तुम्ही गिळायला लागता तेव्हा मागून काडीचा धूर येतो, कडू नाही, घसा धरत नाही, नुसता येऊन टाळूला चिकटून बसतो, जुन्या भट्टीवर बसायचा तसाच.

नाना भाकरीचा तुकडा भरतात बुडवून तसाच हातात धरून बसले होते. डोळे मिटलेले.

"हां," ते म्हणाले. "धूर येतो म्हणाली ना, तिथून परत सांग." आणि त्यांनी घास तोंडात घातला.